सगळ्यांसाठी गोळ्या

लेकीला पुन्हा जंत झाले, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी घरातल्या सगळ्यांसाठी गोळ्या लिहून दिल्या. "एकट्या पोरीला औषध देऊन भागणार नाही. घरात एकानेही टाळलं, तर पुन्हा ये रे माझ्या मागल्या."

जेवणं झाल्यावर आईने प्रत्येकापुढे गोळी ठेवली. नवऱ्याने ती बोटाने मागे सरकवली. "मी काय नखं खात फिरतो?"

सासूबाई तर उठूनच गेल्या. "या वयात मला जंताचं औषध देतेस? आधी पोरीला वळण लाव."

लेकीने दोन्ही हात फ्रॉकखाली लपवले.

सुट्टीत ती मावशीकडे राहायला गेली. तिथे मावशीने काकांसकट सगळ्यांना गोळ्या दिल्या, पंधरा दिवसांनी परत दिल्या, चादरी कढत पाण्यातून काढल्या. लेकीची खाज थांबली. ती रात्रभर गाढ झोपू लागली.

घरी आल्यावर ती पुन्हा आजीच्या कुशीत झोपायला लागली. थोड्याच दिवसांत रात्री खाजवत, रडत उठली.

"बघ, तिकडून घेऊन आली," सासूबाई म्हणाल्या.

नवऱ्यालाही ते पटलं. यापुढे पोरीला मावशीकडे पाठवायचं नाही, असं ठरलं.