गोगलगायीचा कागद

फिल्मच्या वर्गात सरांचा एक नियम होता: आपल्या फिल्मची सुरुवात आखण्याआधी एखाद्या गाजलेल्या चित्रपटाची सुरुवात पडद्यावर थांबवत थांबवत सगळ्यांना समजावून सांगायची. वर्ग जिला गोगलगाय म्हणायचा, तिने खुद्द सरांचाच नवा चित्रपट निवडला. सरांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्यांनी प्राचार्यांनाही पहिल्या रांगेत आणून बसवलं.

ती एकेक शॉट थांबवू लागली, तसं सरांना राहवेना. "ही उलटी पडलेली चप्पल, हा गळका नळ आणि हा रिकामा पाळणा! बाई कुठेच दिसत नाही, तरी ती घर सोडून गेलीय हे कळतं की नाही? हे शिकवून येत नाही रे पोरांनो, आतून यावं लागतं!"

"अगदी खरं, सर," ती म्हणाली. पुढचं बटण दाबायची तिला मुळीच घाई नव्हती.

पडद्यावर आला तो पहिल्या वर्षी सरांनी तपासून परत दिलेला तिचा कागद. त्यावर तिने रेखाटलेली तीच चप्पल, तोच नळ, तोच पाळणा.


खाली लाल शाईत सरांची सही, तारीख आणि शेरा: "सुरुवात अगदीच टाकाऊ. दहापैकी दोन."