धुराची भिंत

रोननने खोक्याचं झाकण उचललं आणि तो तसाच वाकून राहिला.

आत एक स्वयंपाकघर होतं. वीतभर उंचीच्या भिंती, काडेपेटीएवढी चूल, पुठ्ठ्याचं टेबल. नेपथ्य उभं करायच्या आधी फिन्टन प्रत्येक नाटकाचं असं छोटं रूप करून बघायचा. नाटकाचे प्रयोग संपले की रंगमंचावरचं खरं नेपथ्य मोडून कचऱ्याच्या गाडीत जायचं. मागे उरायचं ते एवढंच. विद्यापीठाच्या संग्रहासाठी त्याचं सगळं काम न्यायला रोनन सकाळीच गॉलवेहून आला होता. रेखाचित्रं, कापडांचे नमुने, रंगांचे तुकडे गाडीत चढले होते. हे खोकं मात्र त्याने शेवटी ठेवलं होतं, स्वतःच्या हाताने न्यायचं म्हणून. प्रदर्शनाच्या दारात तेच मांडायचं होतं.

"भिंत..." तो म्हणाला.

"पुसून ठेवलीये," फिन्टनची बायको फिलोमिना म्हणाली. "सगळंच पुसलंय. चहा घेतोस ना, बाळा?"

नवऱ्याला जाऊन महिना झाला म्हणून त्याच्या नावाने चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे प्रार्थना, रविवारी झाली होती. तो गेल्यापासून ती घर पुसत होती. तिच्या माहेरी, घरात मिस्सा व्हायची असली की आधी भिंती रंगवत, अंगण खरवडत; फादरना कुठे धूळ दिसता कामा नये. विद्यापीठातून माणूस येणार म्हटल्यावर तिचे हात त्याच कामाला लागले.

"कशाने पुसलीत?" रोननने हळूच विचारलं.

"ओल्या फडक्याने. थोडा साबण लावला. काजळी धरली होती रे, चुलीवरून पार छतापर्यंत. अशी कशी द्यायची लोकांना?"

मोरीपाशी कप विसळणारी फिन्टनची बहीण डिम्फ्ना जागीच वळली.

"फिल! अगं बाई, ती काजळी त्याने रंगवलेली होती! ती भिंत बघायला लोक डब्लिनहून यायचे, आणि तू साबण लावून बसलीस? आता एवढं केलंसच, तर त्याच्या कबरीवरचा दगडही घासून ये."

"घासला," फिलोमिना म्हणाली. "शनिवारी."

डिम्फ्ना पुन्हा कपांकडे वळली.

रोननने खिशातून बॅटरी काढली. भिंतीच्या कोपऱ्यांतून, फडताळाच्या मागून प्रकाश फिरवला. काही उरलं नव्हतं. फिलोमिनाने काम चोख केलं होतं.

"फोटो आहेत आमच्याकडे," तो म्हणाला. "पण रंगीत नाहीत. तो धूर कसा होता, आठवतं तुम्हाला?"

"आठवायचं काय त्यात? आईच्या घरातला होता."

ती खुर्चीवर बसली. हात मांडीवर ठेवले.

"लीट्रिमला. लग्न झाल्यावर पहिल्यांदा आला, तो येऊन बसला चुलीसमोर. जेवायला सुद्धा उठेना. रंग घेऊन भिंतच काढत बसला. आईला वाटलं, जावई खुळा मिळाला. आम्ही पीट जाळायचो, दलदलीतली वाळवलेली माती, त्याचा धूर पिवळट असतो, खाली तपकिरी होत जातो. आई म्हणाली, अरे, थांब, चुन्याचा हात तरी फिरवू दे. तर हा म्हणतो, आई, हात लावायचा नाही."

"नाटक बघितलं त्यांनी?"

"आली होती ना. नवा कोट घालून आली. पडदा वर गेला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. नटसुद्धा आले नव्हते अजून, भिंतीलाच टाळ्या. आईने रुमाल तोंडावर धरला तो शेवटपर्यंत काढला नाही. सगळ्या जगासमोर माझं घाणेरडं घर मांडलं, म्हणाली."

"ते घर आहे अजून?"

"पाडलं. रस्ता गेला तिथून." बसची वेळ सांगावी तसं ती म्हणाली.

डिम्फ्नाने हात पुसले. तिचा आवाज आता खाली आला होता. "त्याचे रंग वरच्या खोलीत आहेत. मी लावते पुन्हा. कुणाला कळतंय?"

"नाही," रोनन म्हणाला. "आम्हाला काही लावता येत नाही, काही काढताही येत नाही. हातात आलं तसंच ठेवायचं असतं."

"म्हणजे हे घेणार नाहीस?" फिलोमिना उठून उभी राहिली. सकाळपासून पहिल्यांदाच तिने स्वतःसाठी काही विचारलं होतं. "अरे, हेच तर त्याचं होतं. बाकीची आपली पोटासाठी केलेली कामं, तोच म्हणायचा. हे इथे सोडून जाऊ नकोस."

रोननने खोक्यात पाहिलं. त्या लहानशा खोलीत आता कुणी कधी राहिलेलं वाटत नव्हतं.

"घेणार," तो म्हणाला. "असंच घेणार."

"आणि दारात मांडणार?"

त्याला खोटं बोलता आलं असतं.

"दारात नाही, मिसेस गॅरिटी."

तिने मान हलवली. चहा निवत होता, कुणी कपाला हात लावला नाही. रोननने पातळ कागद आत सारायला घेतला, तशी ती टेबलाजवळ आली आणि खोक्यावर वाकली. बराच वेळ बघत राहिली.

"आईने आता बघायला हवं होतं," ती म्हणाली. "त्या नाटकानंतर जन्मभर म्हणायची, एकदा तरी ही भिंत पांढरी दिसू दे."

रोनन झाकण हातात धरून उभा राहिला. ती बाजूला व्हायची वाट बघत.