बाहेरचं पोरगं

"सर, पेठेत पोरांचा दुष्काळ पडलाय व्हय?" निवेदनाचा कागद माझ्या टेबलावर आपटत इबोमचा म्हणाला. मागं पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल संघाची दहा-बारा माणसं उभी होती. "कॉलेज आपलं, मैदान आपलं, आणि गोलकीपर आणायचा मिझोरमवरनं?"

मला हसू आवरेना. बावीस वर्षांपूर्वी अशाच घोळक्यानं माझ्या नावानं शिमगा केला होता. तेव्हा मी कॉलेजच्या संघासाठी मणिपूरहून कोल्हापूरला आणलेलं बाहेरचं पोरगं म्हणजे हाच इबोमचा. पहिल्याच दुपारी मेसमध्ये तांबडा रस्सा प्यायला आणि डोळ्यांतून पाणी गाळत बसला. रस्सा तिखट होता की घर आठवत होतं, मला कळेना. मी आपला घरनं डबाभर दहीभात आणून दिला. पुढं त्यानं कॉलेजला तीन फायनल जिंकून दिल्या, पेठेतलीच पोरगी केली, आणि आता पेठेच्या वतीनं भांडायला तोच पुढं.

"चाचणीत तुमच्या कीपरनं पाच गोल खाल्ले," मी म्हणालो. "त्याला राखीव ठेवतो. पण मिझोरमचा येणारच. गाडीत बसलाय तो."

माणसं तणतणत निघून गेली. इबोमचा मात्र दारातच घुटमळला.

"गाडी कितीला येतीया?"

"दीडला. का?"

"मी जातो आणायला," तो घड्याळ बघत म्हणाला. "त्याला मेसला नका नेऊ. बायकोला दहीभात कालवायला सांगतो."