बाण

“नाही साहेब. नदी नाही ही.”

ओलं फडकं हातात तसंच धरून बाई बोलली. टेबलाभोवतीचे तिघे अधिकारी आधी एकमेकांकडे आणि मग मोठ्या साहेबांकडे बघायला लागले. पेट्या धुणारीनं तोंड उघडायचं नसतं, असं त्या कोठाराच्या भिंतीवर कुणी लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरजच नव्हती.

पेटीत जमिनीखाली मैलभर खोलीवरून काढलेले दगडाचे गोल तुकडे ओळीनं मांडले होते. कडेला रंगवलेला बाण वरची बाजू दाखवत होता. झाकणाच्या आतली निळ्या पेन्सिलीची अक्षरं तेवढी सोडून बाईनं सकाळीच सगळी पेटी लख्ख धुतली होती. साहेबांनी निकाल दिला होता: खाली बारीक, वर जाड, म्हणजे नदीच्या मुखाशी साचलेला गाळ. तेलाची पुढची विहीर त्याच हिशेबानं खणायची होती. अहवालाखाली आणखी एक कागद साहेबांच्या सहीसाठी थांबला होता: एकोणीस वर्षांनी बाईला कायम करण्याचा.

“मग काय आहे, प्रोफेसरीणबाई?”

हशा पिकला. बाई हसली नाही.

“खोल समुद्र. उतारावरून गाळाचा लोंढा एकदम सुटला. जड खडे आधी तळाला बसले, चिखल मागनं सावकाश. खाली जाड, वर बारीक.”

“इथे उलटं आहे. उचलली जीभ लावली टाळ्याला! डोळे आहेत ना?”

“आहेत म्हणूनच बोलतेय. वाळूला हे फुगवटे बघा. खाली ओला चिखल असला की वाळू आपल्या वजनानं त्यात अशी रुतते. या बाणाप्रमाणे फुगवटे वर गेलेत. वजन कधी वर रुततं का, साहेब? आणि एका थरात नाही, अकरा थरांत! समुद्र सरळच आहे. पेटी उलटी भरलीय.”

एक अधिकारी भिंग घेऊन वाकला. बराच वेळ सरळ झाला नाही.

“साहेब... बाई खरं बोलतायत.”

साहेबांचे कान तापले. आता त्यांना कुणाची तरी मान हवी होती.

“ठीक! मग बाण उलटा काढला कुणी? नियम ठाऊक आहे ना बाई? उलटी पेटी भरणारा त्याच दिवशी घरी. दयामाया नाही.”

“ठाऊक आहे.”

“भरणाऱ्याचं नाव झाकणाच्या आत असतं.”

“असतं. वाचा ना. मोठ्यानं वाचा, या सगळ्यांना ऐकू जाऊ द्या.”

साहेबांनी झाकण उलटलं. अक्षरं वाचून त्यांनी बाईकडे बघितलं.

नोकरीच्या पहिल्या आठवड्यात ही पेटी भरून, मोठ्या हौसेनं, बाईनं तिथे स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं होतं.