तिसरं कडवं

माफीनाम्यावर नणंदेची सही झाली होती. वहिनीची राहिली होती. पेनाचं टोपण काढून ती बसली होती आणि समोरचा कागद तिसऱ्यांदा वाचत होती.

"कर ना गं सही," नणंद कुजबुजली. ती कुजबुज कोर्टाच्या दारापर्यंत पोचली. बस डेपोत गाड्यांच्या वेळा पुकारून पुकारून तिचा आवाजच तसा झाला होता. सगळे तिला भोंगा म्हणत, आणि तिला त्याचं काही वाटत नसे.

दोघींची जोडी जमली ती शिलाई मशीनपाशी. वहिनी शाळेचे गणवेश शिवायची. मशीनची खटखट चालू असताना ती तोंडातल्या तोंडात ओळी जुळवायची आणि भोंगा त्या खड्या आवाजात फेकायची. त्या ओळी गल्लीतून कॉलेजच्या स्टेजवर गेल्या, तिथून रेडिओवर. 'नणंद-भावजय' रॅप करतात म्हटल्यावर लोक आधी हसायला यायचे आणि जाताना ओळी पाठ करून जायचे.

सगळ्यात गाजलं ते गल्लीतल्या बंद दिव्याचं गाणं. त्यातही तिसरं कडवं. ते सुरू झालं की अख्खा हॉल उभा राहायचा. "कसं सुचतं हो तुम्हाला?" लोक वहिनीला विचारायचे. वहिनी मान खाली घालून "आलं आपलं" म्हणायची आणि तिच्या वतीने भोंगाच फुगून घ्यायची.

दिवाबत्ती खात्याच्या प्रमुखांना मात्र ते कडवं झोंबलं. खात्याची बदनामी केली म्हणून ते कोर्टात गेले आणि गाण्यावर बंदी आली. रेडिओने हात वर केले. हॉल मिळेनात. डेपोतून भोंगाला समज देणारं पत्र आलं. असं वर्ष गेलं. आज तडजोड ठरली होती : तिसरं कडवं गाळा, लेखी माफी मागा, बाकीचं खुशाल गा. भोंगाला तेवढंच पुष्कळ होतं. वर्षभर गाणं नुसतं घशात अडकून बसलं होतं तिच्या.

वहिनीने पेनाला टोपण लावलं आणि ती उभी राहिली.

"साहेब, मला सही करता येणार नाही."

भोंगाने कपाळाला हात लावला. त्यांच्या वकीलबाईंनी डोळेच मिटून घेतले.

"का?" न्यायाधीशांनी विचारलं.

"यात लिहिलंय, 'सदर कडवे आम्ही दोघींनी रचले.' ते खोटं आहे. कोर्टात खोट्यावर कशी सही करू?"

"मग कोणी रचलं?"

वहिनीने समोर बसलेल्या खातेप्रमुखांकडे पाहिलं आणि पर्समधून चार घड्या घातलेला एक कागद काढला. "यांच्या खात्याने. दिवा बंद आहे म्हणून मी अर्ज केला होता, त्याला आलेलं हे उत्तर. मी फक्त शेवटचं 'कळावे' गाळलं."

भोंगाने आ वासला. वहिनी तिच्याकडे वळली. "पत्र वर्षभर पर्समध्ये घेऊन फिरतेय गं. पण लोकांना जे सगळ्यात आवडलं तेच नेमकं माझं नव्हतं. कुठल्या तोंडाने सांगणार होते?"

भोंगाला क्षणभर राग आला. मग वहिनीचे भरलेले डोळे दिसले.

"अगं, एवढी मोठी गोष्ट तू वर्षभर पोटात ठेवलीस? माझ्या पोटात दहा मिनिटं टिकली नसती!"

"म्हणून तर तुला सांगितली नाही."

भोंगाने माफीनामा ओढला आणि आपल्या सहीवर आडवी रेघ मारली.

न्यायाधीशांनी पत्र चष्म्याजवळ धरलं आणि सरळ, कोरड्या आवाजात वाचायला घेतलं.

"सदर दिवा बंद असल्याची नोंद नाही. सदर दिव्याखाली खांब असल्याची नोंद नाही. सदर खांबाला गल्ली असल्याची नोंद नाही. सबब सदर अंधाराची खात्याकडे..."

"नोंद नाही!" मागच्या बाकांवरून एका सुरात आलं. न्यायाधीशांनी वर पाहिलं. हवालदारानेही म्हटलं होतं.

"सही तुमचीच ना?" त्यांनी खातेप्रमुखांना विचारलं.

प्रमुखांनी कागद उलटासुलटा करून पाहिला. "सही माझी आहे साहेब. पण दिवसाला दोनदोनशे कागद येतात सहीला..."

"म्हणजे वाचलं नव्हतंत. बदनामी झाली असेल तर ती खात्याने स्वतःच्या हाताने केली आहे. तक्रार फेटाळतो." मग न्यायाधीश वहिनीकडे वळले. "गाणं पूर्ण म्हणा. तिसऱ्या कडव्यासकट."

बाहेरच्या व्हरांड्यात भोंगा वहिनीला मिठी मारून ओरडत होती. इतक्यात मागून कोणी तरी खाकरलं. खात्यातले वयस्कर कारकून होते. प्रत्येक तारखेला ते फायलींचं गाठोडं मांडीवर घेऊन साहेबांच्या मागे मुकाट बसत. आता आणखी कसली नोटीस, म्हणून भोंगा कंबर कसूनच वळली.

"नोटीस नाही हो," ते म्हणाले. त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. "अठ्ठावीस वर्षं खात्याची पत्रं मीच लिहितो. साहेब नुसती सही करतात. कोणी वाचत नाही म्हटल्यावर मी आपलं तालात लिहायला लागलो. ताल ओळखलात तो तुम्हीच, पहिल्यांदा."

वहिनी बघतच राहिली. "अहो, मग गाण्यावर तुमचं नाव घालते ना!"

"छे छे, नाव नको. निवृत्तीला अजून तीन वर्षं आहेत." त्यांनी गाठोडं काखेत मारलं. जाता जाता ते थांबले. "पण नवं गाणं हवं असेल तर एक अर्ज टाका. उत्तर मीच देईन."