परसात आलेलं ऑफिस

निवृत्तीच्या दुसऱ्याच सकाळी सागरशास्त्रज्ञ वासंती तांडेल बोंबील धूत बसल्या होत्या, पण जीव सगळा खाडीत. उभी हयात त्यांनी तिथल्या चालत्या तिवरांचा अभ्यास केला होता. समुद्र चढला की ही झाडं मुळं उचलून मागे सरकत. आता त्यांची विचारपूस कोण करणार?

सवयीनं त्यांनी मासळीचं पाणी मागच्या दारी ओतलं. खाडीतही त्या तिवरांना रोज हेच पाजत. सरकारी नियमात ते बसत नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

थोड्या वेळानं नवरा ओरडला, "अगं, बाहेर ये! तुझं ऑफिस चालत आलंय!"

परसात मुळांचा चिखल झाडत सगळी तिवरं वास घेत उभी होती.

"आणि माझी न्याहारी?" नवऱ्यानं विचारलं.

"थांबा हो," वासंतीबाई पदर खोचत म्हणाल्या, "आधी हजेरी घेऊ द्या."