गुलब्याचा उपास

लेक वसतिगृहात गेली आणि तिचा ॲक्सोलॉटल आईच्या गळ्यात पडला. पाण्यात राहणारा बोटभर गुलाबी जीव, मानेभोवती तुऱ्यांची झालर, म्हणून नाव गुलब्या. आठवडाभर त्याचं पोट टम्म फुगलं होतं. तळाशी जायला धडपडायचा, थकायचा, की पुन्हा बुडबुड्यासारखा वर. शिवणकाम सांभाळून त्याचं पाणी बदलता बदलता तिच्या नाकी नऊ आले होते.

प्राण्यांचे डॉक्टर म्हणाले, "ताई, खाणं अति झालंय. चार दिवस कडक उपास, नाहीतर हातचा जाईल."

घरी येऊन तिने वडिलांना बजावलं, "बाबा, तुम्ही सकाळी एक गांडूळ घालता ना, तेही आता बंद."

"एकदा सांगितलेलं कळतं मला," बाबा म्हणाले. शाळेत शिपाई असताना चाळीस वर्षांत त्यांची एकही घंटा चुकली नव्हती.

तिसऱ्या दिवशी पोट आणखीच फुगलं. तेव्हा मात्र शिलाई मशीन थांबवून ती दाराआड उभी राहिली. बाबांनी डब्यातून गांडूळ काढलं, चिमट्याने गुलब्याला मायेने भरवलं, हात धुतले, टॉवेलला पुसले. आता चांगलं खडसवायचं म्हणून ती पुढे होणार, तोच बाबा वळले, पुन्हा टाकीशी येऊन वाकले आणि त्यांनी चिमटा उचलला.



"काय रे गुलब्या, सकाळपासून तुला कुणीच काही घातलं नाही?"